आईच्या फुंकरीचा कागद

तू पाठवलेला फोटो बघितला गं. मोठा करून, ओळ न् ओळ वाचला. त्याखाली तू विचारलंयस, "अक्का, ६३ टक्के म्हणजे आईचं ३७ टक्के फुफ्फुस गेलं का?" नाही गेलं. त्या आकड्याचा अर्थ तसा होतच नाही. आईला असलं काही बोलली नसशील तर बरं, बोलली असशील तर आजच तिच्याजवळ बसून दुरुस्त कर. ती तोंडानं काही म्हणणार नाही, पण रात्रभर कूस बदलत राहील.

आता निवांत बस आणि कागद समोर घे. माझं रोजचं कामच लोकांची फुंकर मोजायचं आहे, तेव्हा तुला सांगताना डॉक्टरीण असल्याचा आव आणत नाही. निदान डॉक्टरच करतील, पण कागद वाचता यायला कुणाची हरकत नसते.

सगळ्यात वर टक्के ठळक छापलेले असतात, म्हणून सगळे तिकडंच बघतात. तू लिटरकडं बघ. एफव्हीसी लिहिलंय तिथं १.९० आहे. आईनं छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जोर लावून बाहेर टाकला, तेव्हा एकूण एवढी हवा निघाली. त्याच्या खाली एफईव्ही-वन, तिथं १.१०. त्याच हवेतली पहिल्या एका सेकंदात किती निघाली, ते हे. आता १.१० ला १.९० नं भाग. साधारण ०.५८ येतं. कागदावर तिसऱ्या ओळीत हेच गुणोत्तर छापलंय आणि डॉक्टर सगळ्यात आधी तेच बघतात.

धडधाकट माणूस पहिल्या सेकंदातच पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त हवा बाहेर टाकतो. वय वाढेल तसं ते थोडं उतरतं. जगभर बहुतेक ठिकाणी ०.७० च्या खाली गेलं की श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्यात असं धरतात, आणि तेही औषध ओढून झाल्यावरच्या फुंकरीत. ह्या ०.७० वर तज्ज्ञांचे वाद आहेत. वय झालेल्या निरोगी माणसाला ते उगाच आजारी ठरवू शकतं आणि तरुण माणसाचा आजार त्यातून निसटू शकतो. पण आईचा आकडा इतका खाली आहे की तिच्या बाबतीत तो वाद उरत नाही.

म्हणजे काय झालं? आईच्या छातीत हवा मावते, जवळपास तिच्या वयाच्या बाईच्या छातीत मावायला हवी तेवढीच. तिला ती बाहेर काढायला वेळ लागतो. ती मळ्याकडनं भराभरा चालत आली की पहिली हवा पुरती बाहेर पडायच्या आतच दुसरा श्वास घ्यावा लागतो. जुनी हवा आत साठत जाते आणि नवीन घ्यायला जागा राहत नाही. म्हणून ती बोलता बोलता थांबते, खांबाला धरते आणि आपण म्हणतो, वय झालं. अठ्ठावन्न हे काय वय आहे का गं?

याच्या उलटंही काहींचं असतं. एकूण हवाच कमी निघते आणि गुणोत्तर मात्र चांगलं राहतं. तेव्हा फुफ्फुस आखडलंय का, की माणसानं नीट फुंकलंच नाही, हे ह्या एका चाचणीवरून ठरत नाही. त्याला दुसरी मोजणी लागते. आईचं तसं नाही, म्हणून ते सोडून देते.

आता त्या ६३ कडं येऊ. ते कशाचे ६३ टक्के? आईच्या वयाच्या, आईएवढ्या उंचीच्या बाईनं पहिल्या सेकंदात किती हवा टाकायला हवी याचं एक कोष्टक मशीनमध्ये भरलेलं असतं. त्यात आईसाठी १.७५ लिटर निघालं आणि आईनं १.१० टाकले, त्याचे झाले ६३ टक्के. उंचीचा हा हिशेब फार जुना आहे. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८४६ साली दोन हजारांवर माणसांचा श्वास मोजून तो छापला. त्यात खलाशी होते, आग विझवणारे होते, पैलवानसुद्धा होते. जसजशी उंची वाढते तसतसं श्वासाचं मापही वाढत जातं हे त्यानं दाखवलं. पहिल्या सेकंदाचं महत्त्व पुढं शंभर वर्षांनी, १९४७ मध्ये, पॅरिसच्या टिफनोनं पुढं आणलं.

पण कोष्टक कुणाच्या श्वासावरून केलंय, हे बघायला पाहिजे. कितीतरी मशीनांत युरोपातल्या लोकांची कोष्टकं असतात आणि हिंदुस्थानी माणसासाठी त्यातून सरसकट काही टक्के कापून टाकतात. काहींत आपल्याकडची कोष्टकं असतात. २०१२ मध्ये जगभरची मोजमापं एकत्र करून एक मोठं कोष्टक झालं. अलीकडं वंशाप्रमाणे वेगळे आकडे न काढता सगळ्यांना एकच कोष्टक लावायचं, असा विचार पुढं आलाय. तुझ्यापुरतं ह्यातलं एवढंच लक्षात ठेव की आईची तीच फुंकर एका मशीनवर ६३ टक्के दिसेल आणि दुसऱ्या गावातल्या मशीनवर सत्तरच्या वर. आई काही आठवड्यात सुधारली नाही, कोष्टक बदललं. म्हणून पुढच्या वेळी तुलना करताना लिटर लिटरला लाव. तिच्या उंचीचा आकडाही तपास. पुष्कळ ठिकाणी उंची विचारून लिहितात, मोजत नाहीत. आपल्या आईला तिची उंची कुठं माहीत आहे? दोन-चार सेंटिमीटरनं टक्के हलतात.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला औषधानंतरचे आकडे आहेत. आधी फुंकून घेतलं, मग साल्ब्युटामॉलचे चार झोत म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम औषध ओढायला दिलं, पंधरा मिनिटं बसवलं आणि परत फुंकायला लावलं. तेव्हा पहिल्या सेकंदाची हवा १.१० वरून १.१८ झाली. ८० मिलिलिटरची वाढ. गुणोत्तर तरीही ०.६० च्या आसपासच राहिलं. पुष्कळ वर्षं असा नियम होता की वाढ निदान १२ टक्के आणि निदान २०० मिलिलिटर असेल तरच औषधानं नळ्या खुलल्या म्हणायचं. २०२१ पासून नवा हिशेब आला, अपेक्षित आकड्याच्या दहा टक्क्यांहून जास्त वाढ हवी. आईची वाढ दोन्हीत बसत नाही. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, लिहिलंय ते यावरून आणि तिच्या सगळ्या कहाणीवरून. दम्यात पुष्कळदा उडी मोठी असते.

इथं एक चूक घरोघरी होते, म्हणून जरा जोर देऊन सांगते. "औषधानं फरक पडला नाही" असं कुणी ह्या ओळीवरून म्हणालं तर ऐकू नकोस. पंधरा मिनिटांत आकडा हलला नाही म्हणजे पंप उपयोगाचा नाही, असं होत नाही. आत साठलेली हवा थोडी कमी झाली तरी चालताना दम कमी लागतो, आणि तो फरक ह्या ओळीत दिसेलच असं नाही. तो आईला विचारून कळतो. विहिरीपासून घरापर्यंत येताना किती वेळा थांबतेस, हे तिला विचार आणि तारीख घालून लिहून ठेव.

आता फुंकरीबद्दल. ही चाचणी माणसाच्या जोरावर चालते. रक्त तपासायला माणसाला काही करावं लागत नाही, इथं सगळं त्यानंच करायचं असतं. आमच्याकडं आल्या आल्या कितीतरी बायका फुंकणीनं चूल पेटवावी तसं फुंकतात, गाल फुगवून, हळूहळू, अंदाज घेत. आईनंही पहिल्यांदा तसंच केलं असणार. इथं पहिल्याच क्षणी सगळा जोर सोडायचा असतो आणि मग नळी तोंडातच ठेवून, आता काही उरलं नाही असं वाटलं तरी, बाहेर ढकलत राहायचं असतं. नाकाला चिमटा असतो. ओठ नळीभोवती घट्ट हवेत, नाहीतर कडेनं हवा जाते. निदान तीन चांगल्या फुंकरी लागतात आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन एकमेकींच्या १५० मिलिलिटरच्या आत याव्या लागतात. आईच्या कागदावर त्या तशा आल्यात, कोपऱ्यात ए ही प्रतही छापलीय. म्हणून मी ह्या कागदावर विश्वास ठेवते. नाहीतर तुला म्हटलं असतं, परत करून आण.

तिथल्या मुलीनं चांगलं करून घेतलंय हो. बेळगावकडं आमच्यासारखी कुणीतरी कन्नडमध्ये "ऊद्री, ऊद्री" म्हणून ओरडत असते, कोल्हापूर-मिरजेकडं "फुंका, फुंका, अजून, अजून". आपल्या बोरगावच्या माणसाला दोन्ही कळतं, पण घाबरलेल्या म्हातारीला तिच्या घरच्या बोलीत ओरडलेलं जास्त कळतं, असा माझा अनुभव आहे. पुढच्या वेळी तू आत जा तिच्याबरोबर.

पुढच्या वेळची तयारीही सांगून ठेवते. पोटभर जेवून नेऊ नकोस. लुगडं कमरेला घट्ट आवळलेलं नको. कवळी घट्ट बसत असेल तर राहू दे, हलत असेल तर काढ. सकाळचा पंप घ्यायचा की नाही हे आधी फोन करून विचार, कारण काही औषधं चार-सहा तास आधी थांबवतात आणि काही दीड-दोन दिवस. पण मनानं थांबवू नकोस. धाप वाढली तर आधी औषध, चाचणी गेली तर गेली. आणि मध्यंतरी डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं, हृदयाचा झटका आला, थुंकीतून रक्त पडलं, तर आधी सांगायचं. तेव्हा एवढ्या जोरानं फुंकायचं नसतं.

मला ह्या कागदापेक्षा जास्त टोचलं ते केसपेपरवरचं एक वाक्य. "बिडी-सिगारेट नाही. व्यसन नाही." डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढता का, आई म्हणाली, नाही हो. दोघंही खरं बोलले. पण निपाणीच्या वखारीत तिनं किती वर्षं तंबाखू झोडपली, चाळली, पोत्यांत भरली, ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. घरी आली की पदर झटकायची तेव्हा आपण दोघी शिंकत सुटायचो, आठवतंय ना? वखार सुटल्यावर सुपात तंबाखू घेऊन मांडीवर बिड्या वळल्या. तव्यावर मिशरी भाजायची तेव्हा सगळं घर ठसकायचं. आणि त्याच्याही आधी, परकरातली पोर असल्यापासून, शेणीची आणि पाचटाची चूल. हा सगळा धूर आणि धुरळा ओढलेलाच आहे की. न ओढता ओढलेला.

बिडी न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये ठासून मांडलं. तेव्हा जगातली जवळपास तीन अब्ज माणसं लाकूड, शेण, काटक्या जाळून स्वयंपाक करत होती, आणि त्यात धुरासमोर बसते ती बाई. आपल्याकडच्या वखारीतल्या बायकांवर १९८२ साली युगांतर नावाच्या बायकांच्या गटानं 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. मजुरीसाठी, माणसासारखं वागवलं जावं म्हणून त्या बायका कशा एकत्र आल्या, ते त्यात आहे. त्याच्या आदल्याच वर्षी दरासाठी तंबाखूचे शेतकरी हायवेवर बसले होते, गोळीबार झाला, माणसं मेली. आपल्या भागानं तंबाखूच्या भावासाठी जीव दिला. वखारीतल्या बाईची फुंकर मात्र कुणी मोजून ठेवली नाही. तिशीत आईची एकदा मोजली असती, तर आज तिची तिच्याशीच तुलना करता आली असती. म्हणून म्हणते, हा कागद आहे तोच पहिला समज. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेव.

आणि डॉक्टरांना पुढच्या खेपेला हे सगळं सांग. वखार, बिड्या, मिशरी, चूल, अशी चार नावं आणि प्रत्येकापुढं वर्षं. आईला बोलू देऊ नकोस, ती कमीच सांगेल. कधी क्षयाची औषधं झाली होती का, हेही विचारतील. क्षय बरा झाल्यावरही नळ्या अशा राहू शकतात. शेजारच्या काकूंना दोन आठवड्यांवर खोकला आहे म्हणालीस, त्यांना मात्र फुंकायला नेऊ नकोस, आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला लाव. ते फुकट होतं.

तू लिहिलंयस की बोटाला लावायचं यंत्र ९७ दाखवतं, मग काळजी कशाला. कोरोनात ते घरोघरी आलं आणि तेव्हापासून लोक त्यालाच फुफ्फुसाचा दाखला समजतात. ते रक्तातला ऑक्सिजन दाखवतं. नळ्या बऱ्याच अरुंद झाल्या तरी शरीर जोर लावून तो आकडा पुष्कळ दिवस टिकवून धरतं. तो उतरेपर्यंत वाट बघायची नसते.

पंपाचं सांगते. आईला वाटतं सवय लागेल. आबांनाही तसंच वाटतं आणि आबा बोलतात म्हणून आई घेत नाही. त्यांना हा हिशेब सांग: साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका झोतात १०० मायक्रोग्रॅम. एक गोळी म्हणजे चाळीस झोतांएवढं औषध, ते सगळ्या अंगभर फिरतं, हात थरथरतात, छातीत धडधडतं. पंपातलं थेट नळ्यांत जातं, म्हणून एवढंसं पुरतं. पण ते जायला हवं. आई तोंडात झोत मारून गिळते असं तू म्हणतेस. स्पेसर आण, ती प्लॅस्टिकची पोकळ नळी. त्यात झोत मारायचा आणि सावकाश ओढायचा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. आणि थंडीच्या आधी फ्लूची लस, शिवाय न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून. अशा छातीला एक मोठा ताप सगळं खाली ओढतो.

पुढं काय होणार, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात तेच आहे. तर ऐक. पंचविशी-तिशीनंतर सगळ्यांचीच पहिल्या सेकंदाची हवा दर वर्षी पंचवीस-तीस मिलिलिटरनं कमी होत जाते. तुझीही होतेय, माझीही. धूर चालू राहिला तर ती दुप्पट वेगानं उतरू शकते. लंडनमध्ये फ्लेचर आणि पीटो यांनी कामगार पुरुषांची फुंकर आठ वर्षं दर सहा महिन्यांनी मोजली आणि १९७७ साली सांगितलं की गेलेलं फारसं परत येत नाही, पण सिगारेट सोडली की उतार परत साध्या माणसासारखा होतो. पन्नाशीत सोडली तरी. ते सिगारेटचं आहे, पण धुराच्या बाबतीतही मला तोच रस्ता दिसतो. तेव्हा पुढच्या वर्षी १.१८ चं १.१५ झालं तर रडत फोन करू नकोस, ते वयाचं आहे. शंभर-दीडशेचा फरक तर फुंकरीफुंकरीतही पडतो. दोन-तीन वर्षं सलग भराभर उतरत गेलं, तर मात्र मला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांग.

दादालाही एकदा फुंकायला ने. इचलकरंजीला मागावर जातो, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडाभरात सुटते असं वहिनी म्हणत होती. कापसाच्या धुरळ्यानं होतं ते, तंतोतंत असंच होतं. सुट्टीनंतर कामावर जायच्या आधी आणि पाळी सुटल्यावर, अशा दोन फुंकरी मोजल्या तर फरक हाती लागतो. तो तरुण आहे, त्याचं अजून सुधारता येईल. आणि आबांना नेशील तेव्हा बिडीवरून भांडू नकोस. सारखी विझते म्हणून बिडी सिगारेटीपेक्षा जास्त वेळा ओढावी लागते, एवढंच सांग आणि त्यांचा स्वतःचा आकडा त्यांच्या हातात दे.

घरातलं तुझ्या हातात आहे ते असं. बिड्या वळायच्याच असतील तर बाहेर सोप्यात, वाऱ्याला. आतल्या खोलीत नकोत. ती निजते तिथं तंबाखूचं गाठोडं ठेवायचं नाही. बिडी कामगाराचं कार्ड जाईल ह्या भीतीनं ती बिड्या वळणं एकदम सोडणार नाही, जबरदस्ती करू नकोस. पण मिशरी घरात भाजायची नाही, हे तू ठरवून टाक. तोंडाला पदर बांधते ते धुळीला पुरत नाही, बारीक धुरळा त्यातून आत जातो.

आणि बंब. गॅस येऊन इतकी वर्षं झाली तरी आंघोळीचं पाणी अजून शेणीवरच तापतं आणि पहाटे उठून तो पेटवायला आईच बसते, दार लावून, थंडी वाजते म्हणून. रोज, वर्षाचे बारा महिने. सोलरचं मी निपाणीत एकाकडं विचारून ठेवलंय. पैसे मी देते. जागा माडीवर दक्षिणेला आहे, टाकी जवळ आहे. तू फक्त आबांशी बोल, तुझं ऐकतात ते. बसवायला माणूस येईपर्यंत बंब अंगणात काढ आणि पेटवायचं काम दादाला लाव.